‘शस्त्र बाळगण्याचा अधिकार’ : मूळ वाक्यात नेमकं काय आहे?

प्रश्न असा आहे : अमेरिकेच्या राज्यघटनेतल्या दुसऱ्या दुरुस्तीबद्दल मराठी वृत्तपत्रं ‘शस्त्र बाळगण्याचा अधिकार’ असं लिहितात. मुळात मात्र ‘कीप’ (जवळ ठेवणे) आणि ‘बेअर’ (धारण करणे) अशी दोन क्रियापदं आहेत. मग ‘बाळगणे’ पुरतं का?

आधी वाक्य पाहू. १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झालेलं हे वाक्य २७ शब्दांचं आहे : ‘अ वेल रेग्युलेटेड मिलिशिया, बीइंग नेसेसरी टु द सिक्युरिटी ऑफ अ फ्री स्टेट, द राइट ऑफ द पीपल टु कीप अँड बेअर आर्म्स, शॅल नॉट बी इन्फ्रिंज्ड.’

मराठीत याचा सरळ अर्थ : ‘स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी कवायतीत तयार झालेली नागरी सेना आवश्यक असल्याने, शस्त्रे जवळ ठेवण्याच्या व धारण करण्याच्या जनतेच्या अधिकारावर घाला घातला जाणार नाही.’

यातला ‘असल्याने’ हा शब्द मी जाणूनबुजून निवडला आहे, कारण अर्धा वाद तिथेच आहे. ‘बीइंग नेसेसरी’ ही रचना आपल्याला संस्कृतातून ओळखीची आहे. ‘सूर्ये अस्तं गते गोपाः गृहम् अगच्छन्’ ही शाळेतली सती सप्तमी आठवा. स्वतःचा वेगळा कर्ता असलेला एक तुकडा मुख्य वाक्याला नुसता टेकवलेला असतो. मावळल्यावर, मावळल्यामुळे की मावळला तर, हे ती रचना बोलून दाखवत नाही. संदर्भावरून ठरवावं लागतं. मराठीत मात्र ‘असल्याने’, ‘असल्यास’, ‘असेतोवर’ यांपैकी एक उचलल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. ‘असल्यास’ चूक आहे, कारण सेना आवश्यक आहे हे वाक्यात गृहीतच धरलेलं आहे. ‘असेतोवर’ म्हटलं तर मुदत घातल्यासारखं होतं, आणि मुदत दाखवणारा शब्द मुळात नाही. उरतं कारण. पण कारण सांगितलं म्हणजे अधिकाराची व्याप्तीही त्या कारणापुरतीच आहे का, याचं उत्तर व्याकरण देत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या २००८ च्या हेलर खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी बहुमताच्या निकालात पहिल्या तुकड्याला प्रस्तावना मानलं आणि दुसऱ्याला मुख्य विधान; न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात पहिल्या तुकड्यालाच हेतूचं पद दिलं. निकाल ५ विरुद्ध ४ असा, व्यक्तीच्या अधिकाराच्या बाजूने लागला.

स्वल्पविरामांवर फार विसंबू नये. चर्मपत्रावरच्या अधिकृत प्रतीत ते तीन आहेत, त्याच काळातल्या काही प्रतींत एकच. तिसरा तर कर्ता आणि क्रियापद यांच्या मधोमध पडतो. त्या काळी स्वल्पविराम वाचताना श्वास घ्यायला देत असत, त्यामुळे त्याच्या जागेवरून कायद्याचा अर्थ काढणं धोक्याचं आहे.

‘वेल रेग्युलेटेड’ पाहताच ‘नियमन केलेली’, ‘सरकारी निर्बंधांखालची’ असं भाषांतर सुचतं. तसं करू नका. राज्यघटनेच्या आधी, १७८१ मध्ये अमलात आलेल्या राज्यसंघाच्या करारनाम्यात प्रत्येक राज्याने ‘वेल रेग्युलेटेड आणि डिसिप्लिन्ड’ मिलिशिया ठेवावी असं कलम आहे. राज्यघटनेच्या बाजूने लेख लिहिणाऱ्या हॅमिल्टननेही वारंवार कवायत केल्यावरच मिलिशिया या विशेषणाला पात्र ठरते असं लिहिलं आहे. म्हणून ‘कवायती’ किंवा ‘शिस्तबद्ध’. ‘मिलिशिया’ला ‘लष्कर’ म्हणणं तर अर्थच उलटा करतं. कायम खड्या सैन्याची भीती होती म्हणूनच नागरिकांची ही सेना हवी होती. १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या प्रत्येक धडधाकट, स्वतंत्र, गोऱ्या पुरुष नागरिकाला तीत नाव घालायला लावलं, आणि बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या व किमान २४ काडतुसांची पिशवी ज्याची त्याने आणायची होती. ‘कीप’ हे क्रियापद इथे डोळ्यांसमोर उभं राहतं : हत्यार घरी, माणसाच्या स्वतःच्या ताब्यात.

आता ‘बेअर आर्म्स’. दिवसभर कोयता चालवणाऱ्या ऊसतोड कामगाराने ‘शस्त्र हाती घेतलं’ असं आपण म्हणत नाही. ते शब्द लढाईला उभं राहण्याचे आहेत. १८४० मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच मुद्दा मांडला : हरणं आणि रानरेडे मारायला कुणी चाळीस वर्षं रोज रायफल घेऊन हिंडला, तरी त्याने ‘आर्म्स बेअर केले’ असं कुणी म्हणणार नाही. या दुरुस्त्या मांडणाऱ्या मॅडिसनच्या जून १७८९ च्या मसुद्यात तर धर्मामुळे ‘शस्त्रे धारण करण्यास’ कचरणाऱ्याला लष्करी सेवेची सक्ती नको, असं कलमही होतं. तिथे या शब्दांचा सैनिकी अर्थ उघड आहे.

उलट बाजूचा दाखलाही खरा आहे. राज्यघटनेला मंजुरी देण्यासाठी पेनसिल्व्हेनियात भरलेल्या परिषदेतल्या अल्पमतवाल्यांनी डिसेंबर १७८७ मध्ये केलेल्या मागणीत स्वसंरक्षण, राज्याचं संरक्षण आणि शिकार या सगळ्यांसाठी ‘बेअर आर्म्स’ हेच शब्द आहेत. म्हणजे असा वापर विरळा होता, पण अशक्य नव्हता.

किती विरळा, हे आता शब्दसंग्रह चाळून पाहता येतं. अमेरिकेच्या स्थापनाकाळातल्या मजकुराचा मोठा संगणकीय संग्रह ब्रिगम यंग विद्यापीठाने खुला केला आहे. त्यात शोधताना ‘बेअर’, ‘बोअर’, ‘बोर्न’, ‘बेअरिंग’ ही सगळी रूपं घ्या आणि क्रियापद व ‘आर्म्स’ यांच्यात चार-पाच शब्दांचं अंतर चालू द्या, नाहीतर ‘आर्म्स’ आधी आणि ‘बोर्न’ नंतर अशी वाक्यं निसटतात. मग हाताने निवडा. घराण्याचं मानचिन्ह मिरवणं यालाही ‘बेअर आर्म्स’च म्हणत, ते वेगळं काढा. एकच कायदा किंवा भाषण दहा ठिकाणी छापलेलं असेल तर ते एकदाच मोजा. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ संगणक ‘एफ’ म्हणून वाचतो; ‘आर्म्स’च्या शेवटी तो आखूडच असल्याने हा शोध बिघडत नाही, पण तुलनेसाठी ‘पझेस’ शोधायला गेलात तर काही दाखले हातचे जातील.

एवढं करूनही सैनिकी अर्थाचंच पारडं स्पष्ट जड राहतं. तरी एक मेख आहे : छापून टिकलेला मजकूर बहुतेक कायदेमंडळं, सैन्य आणि राजकारण यांचा आहे. शेतावर जाताना बंदूक खांद्याला लावणाऱ्याने ती गोष्ट लिहून ठेवायचं कारण नव्हतं. शिवाय ‘कीप आर्म्स’ला तसा सैनिकी वास नाही, आणि पुढे ‘पीपल’ आहे, ‘मिलिशिया’ नाही. माझं मत असं की ‘बेअर आर्म्स’ हा तेव्हा मुख्यतः सैनिकी वाक्प्रचार होता आणि हेलरच्या बहुमताने त्याला हवं तेवढं वजन दिलं नाही. पण केवळ तेवढ्यावरून व्यक्तीचा अधिकार नाकारता येईल असंही ते वाक्य नाही.

आता ‘बाळगणे’. ‘विनापरवाना पिस्तूल बाळगल्याप्रकरणी अटक’ या ओळीत पिस्तूल कमरेला होतं की कपाटात, ते कळत नाही. ‘कीप’ पूर्ण आणि ‘बेअर’मधलं नुसतं जवळ असणं एवढं हा शब्द पेलतो, सैनिकी छटा गळते. दुरुस्तीचा ओझरता उल्लेख असेल तर तो चालून जाईल. न्यायालयाची बातमी देताना चालणार नाही. हेलरचा वाद घरात पिस्तूल ठेवण्याचा होता, तिथे ‘घरी ठेवणे’ लिहा. २०२२ च्या ब्रूएन खटल्यात न्यूयॉर्कचा घराबाहेर पिस्तूल नेण्याचा परवाना अडकला होता, तिथे ‘सोबत घेऊन फिरणे’ लिहा. दोन्हीकडे ‘बाळगणे’ घातलं, तर २०२२ मध्ये नवीन काय ठरलं ते वाचकाला कळणारच नाही.