सोलापुरात राहून औषधसंशोधनात प्राध्यापक म्हणून काही करता येते का?

सेंद्रिय रसायनशास्त्रात एमएस्सी झाल्यावर सोलापुरातच राहून औषधी रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हावे का, आणि अशा प्राध्यापकाच्या हातून नवे औषध निघते का, असे आपण विचारले आहे. या विषयात माझी 26 वर्षे येथे गेली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : मी तयार केलेला एकही रेणू औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचलेला नाही.

जवळ गेलो होतो, असे एकदा वाटले होते. क्षयरोगावरच्या एका मालिकेत रेणूला एकेक बेंझीन वलय (सहा कार्बनांचे तेलकट स्वभावाचे कडे) जोडत गेलो तसतसा तो परीक्षानळीत जंतूंवर अधिक प्रभावी ठरू लागला. क्षयाच्या जंतूचे कवच मेणचट असते, त्यामुळे तेलकट रेणूला आत शिरणे सोपे जाते. रक्त मात्र पाण्याचे असते. आमचे संयुग पाण्यात टाकले की वर पांढरी साय धरायची, आणि उंदरांवरील चाचणीत ते पूर्णपणे निष्प्रभ ठरले. तोंडाने घेण्याच्या औषधाचा रेणुभार साधारणपणे 500 च्या आत असावा, हा औषधसंशोधक लिपिन्स्की यांचा 1997 चा निकष मी दरवर्षी वर्गात शिकवतो. पण 2012 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाचा रेणुभार सुमारे 555 आहे, तेव्हा वलये जोडून जड झालेल्या आपल्या रेणूचेही जमेल, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो आणि त्यात एका विद्यार्थिनीची दोन वर्षे गेली. त्या चुकीचा दोष तिचा नव्हता.

येथील अडचणी साध्या असतात. डायक्लोरोमिथेन हे आमचे नेहमीचे द्रावक 40 अंशांना उकळते आणि सोलापूरचा मे महिना त्याच्या पुढे जातो. कॉलममध्ये, म्हणजे संयुगे वेगळी करण्याच्या सिलिका भरलेल्या नळीत, बुडबुडे धरतात, सिलिकाला तडे जातात आणि वेगळी होत आलेली दोन संयुगे पुन्हा एकत्र उतरतात. म्हणून उन्हाळ्यात आम्ही कॉलम पहाटेच लावतो. जैविक चाचण्यांसाठी नमुने बाहेरगावी पाठवावे लागतात आणि निकालाची वाट पाहण्यात महिने जातात, ही अडचण मात्र पहाटे उठून सुटत नाही.

नोकरीची चिंता फारशी करू नका. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारून केवळ प्रक्रियेवर दिले, त्यामुळे तीच औषधे निराळ्या मार्गाने बनवण्यात आपले रसायनशास्त्रज्ञ तरबेज झाले. 2005 मध्ये उत्पादनाचे पेटंट परत आले तरी ते कौशल्य मागे पडलेले नाही. माझे बरेच विद्यार्थी सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत किंवा हैदराबादला हेच काम करतात.

प्राध्यापकच व्हायचे असेल तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा द्या, पण पीएचडी येथे करू नका. हे सांगताना मी स्वतःचाच एक विद्यार्थी गमावतो आहे, याची मला कल्पना आहे. जेथे रसायनशास्त्र आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळा एकाच इमारतीत आहेत तेथे जा, म्हणजे संयुग पाण्यात विरघळत नाही हे तुम्हाला दोन वर्षांनी नव्हे, त्याच आठवड्यात कळेल.