नव्या बार्बेक्यूची चव आणि सर्व्हिस पारखायची असेल तर दुसरी फेरी येईपर्यंत थांबा

तुम्ही विचारलंय की नाशिकला घराजवळ नवीन अनलिमिटेड बार्बेक्यू रेस्टॉरंट उघडलंय, आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला तेरा माणसं घेऊन जायचं आहे, त्यातली निम्मी शाकाहारी. ॲपवर ४.८ तारे दिसतात, पण तेवढ्यावर विश्वास बसत नाही. म्हणून आधी नवरा-बायको दोघंच जाऊन बघणार आहात. तर तिथे नेमकं काय बघायचं?

मी हॉटेल लाइनमध्ये आहे. सुरुवात तंदूरवर झाली, आता फ्लोअर, म्हणजे पाहुणे बसतात तो हॉल सांभाळतो. आधी जाऊन बघायचा तुमचा विचार अगदी योग्य आहे. ताऱ्यांचं म्हणाल, तर अशा ठिकाणी बिल देताना वेटर हात जोडून सांगतो, "सर, माझं नाव टाकून रिव्ह्यू द्या." मुलगा गोड बोललेला असतो, लोक पाच तारे देऊन मोकळे होतात. त्यातून मुलगा चांगला होता एवढं कळतं. कोंबडी कशी भाजली होती ते त्यात नसतं. ॲप उघडलंच आहे तर तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचा. तीन देणारा माणूस सहसा जेवणाबद्दल लिहितो.

आता हा प्रकार चालतो कसा ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पारख सोपी होते. २००६ साली मुंबईत बार्बेक्यू नेशन सुरू झालं आणि टेबलाच्या मधोमध शेगडी, त्यावर सळया आणि ठरलेल्या पैशात हवं तेवढं खा, ही पद्धत आपल्याकडे रुजली. पुढे शहरोशहरी तशी रेस्टॉरंट निघाली. समोर निखारे फुललेले असतात म्हणून आपल्याला वाटतं की माल इथेच शिजतोय. तसं नसतं. सळया मागे किचनमध्ये तंदूरवर किंवा ग्रिलवर भाजून येतात. तंदूरची आच चारशे अंशांच्या पुढे जाते, टेबलावरची शेगडी तिच्या जवळपासही पोचत नाही. तिचं काम आलेला माल गरम ठेवायचं, कडा थोड्या खरपूस करायचं आणि वरून लावलेलं तेल-मसाला मुरवायचं. म्हणजे चवीचा सगळा खेळ तुम्हाला न दिसणाऱ्या ठिकाणी होतो. तो कसा झाला हे स्टार्टरच्या दुसऱ्या फेरीत उघडं पडतं.

पहिली फेरी बहुतेक सगळीकडे बरी असते. गर्दी सुरू व्हायच्या आधी माल अर्धवट भाजून ट्रेमध्ये लावून ठेवलेला असतो, पाहुणे बसले की शेवटची आच देऊन बाहेर पाठवतात. यात फसवणूक नाही, दीडशे माणसं एकदम बसणार असतील तर दुसरा इलाज नसतो. खरी परीक्षा तासाभराने, हॉल भरल्यावर. तेव्हा मुद्दाम पहिल्या फेरीतलाच एखादा पदार्थ परत मागवा. पनीर टिक्का घ्या, त्याच्यात काही लपत नाही. ताज्या तुकड्यावर चक्क्याचा मसाला ओलसर असतो, कोपऱ्यांवर काळे ठिपके उठलेले असतात आणि मधला भाग पांढरा, मऊ, आतपर्यंत गरम असतो. पुन्हा पुन्हा तापवलेला तुकडा सगळीकडून सारखाच तपकिरी दिसतो. दह्याचा थर वाळून चामड्यासारखा होतो, दाताने ओढला की पापुद्रा सगळा एकदम निघून येतो आणि आतलं पनीर रबरी लागतं. एवढा एक तुकडा नीट बघितला तरी किचनचा अर्धा अंदाज येतो.

चिकनचा तुकडा सुरीने कापू नका, बोटांनी फाडा. रेषा सुटल्या पाहिजेत आणि सुटणारं पाणी स्वच्छ पाहिजे. टंगडीत हाडाजवळ लालसर दिसलं म्हणून लगेच घाबरू नका. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीत हाडातला रंग बाहेर येतो आणि पूर्ण शिजल्यावरही तो तसाच राहतो. पण मांस चिकट, अर्धपारदर्शक असेल आणि हाडाला घट्ट धरून बसलं असेल तर ते कच्चंच आहे. चिकन आतून साधारण ७४ अंशांपर्यंत तापलं पाहिजे. उलट मांस दाताखाली पिठूळ, लगद्यासारखं लागलं तर कच्च्या पपईची पेस्ट जास्त झाली किंवा माल मसाल्यात फार वेळ राहिला असं समजा. सकाळी न खपलेला माल संध्याकाळी फिरवला की असं होतं. कोळंबी इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असावी, पूर्ण गोल मुटकुळं झालं असेल तर ती जास्त भाजली आहे. आणि नाकाला अमोनियासारखा उग्र वास आला तर तिथेच थांबा, दुसरा घास घेऊ नका.

रंगाकडे बघाच. काश्मिरी मिरचीचा लाल रंग जरा मातकट असतो, तेलात उतरतो आणि बोट धुतलं की जातो. बोटांवर, टिश्यूवर भडक केशरी-लाल डाग तसाच राहिला तर रंग घातलेला आहे. कर्नाटक सरकारने जून २०२४ मध्ये चिकन आणि माशांच्या कबाबात कृत्रिम रंग घालायला बंदी केली, ती नमुने तपासून त्यात असे रंग सापडल्यावरच. रंगाची गरज पडते, तिथे मसाल्यात कुठेतरी हात आखडलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

शेगडी कोळशाची आहे की गॅसची, यावरून लगेच मत बनवू नका. मुंबईत २०२५ मध्ये महापालिकेने कोळशावरच्या तंदूरवाल्यांना गॅस किंवा विजेवर जायला सांगितलं, त्यामुळे हळूहळू गॅसच जास्त दिसेल. गॅसवरही माल उत्तम भाजता येतो, आच नीट पाहिजे. कोळसा असेल तर त्यावर राखेचा पांढरा पातळ थर आणि आत लाल धग असावी. तळहात चार-पाच इंच वर धरा. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर आच जोरात आहे. खुशाल धरून ठेवता येत असेल तर ती शेगडी फक्त दिखाव्याला आहे, आणि तुम्ही न सांगता कोणी कोळसा बदलतंय का ते बघायचं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे धुराचं काय करतात. बंद एसी हॉलमध्ये कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही आणि वासही नाही. टेबलांवरचे एक्झॉस्ट नुसते लावलेले आहेत की ओढतायत, हे टिश्यूचा तुकडा जवळ धरून बघता येतं. अर्ध्या तासात डोळे चुरचुरायला लागले, डोकं जड झालं तर जेवण कितीही चांगलं असो, आई-बाबांना दोन-अडीच तास तिथे बसवू नका. बाहेर पडायचा दुसरा दरवाजा कुठे आहे आणि त्याच्यासमोर खुर्च्या रचून ठेवल्यात का, हेही बघा. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ माणसं गेली. तेव्हापासून मी कुठेही जेवायला गेलो तरी आधी दरवाजे बघतो.

आता तुमच्या शाकाहारी मंडळींबद्दल. अशा रेस्टॉरंटात सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथे होतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. टेबलावर तेल-मसाल्याच्या वाट्या आणि ब्रश ठेवतात. चिकनवर फिरवलेला ब्रश वाटीत बुडतो आणि तोच पनीरवर फिरतो. एका ठिकाणी मी बघितलंय, वेटरने कौतुकाने आजींच्या मशरूमवर ब्रश फिरवला, तो मिनिटभरापूर्वी कोळंबीवर फिरवलेला होता. आजींना कळलंही नाही. तुम्ही दोघं जाल तेव्हा एक व्हेज, एक नॉनव्हेज असं सांगून बसा आणि काही न बोलता बघत राहा. वेटर स्वतःहून वेगळा ब्रश, वेगळी वाटी आणतो का? सळया वेगवेगळ्या बाजूंना ठेवतो का? किचनमध्ये तंदूर वेगळा आहे का, असं विचारलं तर सरळ उत्तर मिळतं की "हो हो सर, सगळं वेगळं" असं घाईत म्हणून पुढे निघतो? विचारून येतो म्हणाला आणि खरंच विचारून आला, तर त्या मुलावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

शाकाहारी स्टार्टरमध्ये भाजलेलं किती आणि तळलेलं किती, हेही मोजा. मसालेदार बटाटे, कुरकुरीत मका, कसल्या तरी कटलेट, हे सगळं कढईतून येतं, स्वस्त पडतं आणि पोट लवकर भरतं. पाच प्रकारांतले चार असे असतील तर शाकाहारी माणसाने बार्बेक्यूचे पैसे देऊन भजी खाल्ल्यासारखं होतं. मशरूम, पनीर, सिमला मिरची, भाजलेला अननस, सोया चाप, व्हेज सीख, यातलं निम्मं तरी निखाऱ्यावरचं मिळालं पाहिजे. पाणी सुटलेलं मशरूम आणि अख्खा कच्चा कांदा सळईला टोचून आणतात, तिथे शाकाहारी पाहुण्याचा विचार कोणी केलेला नसतो.

सर्व्हिस म्हणजे हसून बोलणं, असं आपण धरून चालतो. माझ्या मते टेबल वाचता येणं म्हणजे सर्व्हिस. सळई तापलेली असते, त्यामुळे चांगला वेटर ज्येष्ठांच्या ताटात तुकडे स्वतः सोडून देतो. एका वेळी तीन-तीन प्रकारांचा ढीग लावत नाही, थोडं थोडं आणि गरम आणतो. कोळंबी मागितल्यावर पुन्हा बटाटे आणून ठेवत नाही. निखाऱ्यांची शेगडी बदलताना "जरा मागे सरकता का" म्हणतो, लहान मुलाच्या डोक्यावरून धग नेत नाही. स्टार्टर पुरे झाले हे सांगायला टेबलावर छोटा झेंडा असतो; तो खाली पाडला नसेल तर स्टार्टर चालूच राहिले पाहिजेत. पाऊण तासाने "मेन कोर्स लावलाय सर" असं म्हणत कोणी दोन-तीनदा येऊन गेलं, तर त्यांना पुढच्या बॅचसाठी टेबल हवंय असं समजा.

खोटी तक्रार करून परीक्षा घेऊ नका, ते बिचाऱ्या पोरांच्या अंगावर येतं. पण खरंच काही कमी शिजलेलं आलं तर जरूर सांगा. "दोन मिनिटं शेगडीवर ठेवा, होईल" हे उत्तर मिळालं तर त्या ठिकाणी तेरा माणसं नेऊ नका, कारण टेबलावरच्या शेगडीवर कच्चं चिकन आतून शिजत नाही आणि हे त्यांना माहीत असायलाच हवं. ताट उचलून नेलं, नवीन भाजून आणलं आणि कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, येऊन विचारून गेला, तर जागा चांगली आहे.

आणखी एक. नव्या जागेत पहिले काही आठवडे दुसऱ्या शाखांतली तयार माणसं आणून ठेवतात. ती परत गेली की सगळा भार नव्या मुलांवर येतो. म्हणून उद्घाटनाच्या गर्दीत जाऊन मत बनवू नका, महिना-दीड महिना जाऊ द्या आणि शनिवार किंवा रविवारीच जा. मंगळवारी दुपारी सगळीच हॉटेलं चांगली असतात.

मेन कोर्सवर फार वेळ घालवू नका, बहुतेकांचं पोट तोवर भरलेलं असतं. झाकण उघडल्यावर वाफ आली पाहिजे, गरम अन्न ६० अंशांच्या वर ठेवायचं असतं. दही, कापलेली फळं, चाटचं पाणी थंड हवं. वरण-भात साधा आणि ताजा असेल तर तुमच्या आई-बाबांचं जेवण होईल.

बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, तसे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. काढा म्हटलं की काढायलाच हवा, नाहीतर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते. तेरा माणसांच्या बिलात ही रक्कम छोटी नसते. टीप मात्र त्या मुलाच्या हातात द्या.

सगळं पटलं तर बुकिंग फोनवर न करता जाऊन मॅनेजरशी बोला. संध्याकाळची पहिली बॅच घ्या, तेव्हा कोळसा आणि माणसं दोन्ही ताजी असतात. लागून दोन टेबलं मागा, एक शेगडी पूर्ण शाकाहारी आणि दुसरी मांसाहारी, आणि हे बुकिंगच्या वहीत लिहून घ्यायला लावा. व्हेज आणि नॉनव्हेजचा दर वेगळा असतो, मुलांचा आणखी वेगळा, तो टॅक्ससकट विचारून घ्या. वाढदिवस म्हटलं की केक आणून टाळ्या वाजवत मोठ्याने गाणं म्हणतात. आई-बाबांना ते आवडणार नसेल तर तेही आधीच सांगून ठेवा.