हत्तीच्या आकाराची गोधडी, पहिल्यांदाच

प्रश्न: भाचीने आत्तापर्यंत फक्त चौकोनी तुकडे जोडलेत, आता तिला हत्तीच्या आकाराची गोधडी करायचीय. जमेल का? गोल कडेला पट्टी लावताना चुण्या पडतात, त्याचं काय करू?

उत्तर: जमेल की! फक्त पट्टी लावूच नका. आकार जाड कागदावर काढून त्यावरून तिन्ही थर कापून घ्या, सोंड आणि पाय चांगले जाडजूड ठेवा, बारीक सोंड उलटवताना फार त्रास होतो. खाली वाडिंग (आत भरायचा मऊ, फुगीर थर), त्यावर अस्तर आणि वरचं कापड सुलट बाजू समोरासमोर ठेवून टाचण्या लावा, मग कडेपासून पाव इंच आत चौफेर शिवा, पोटाच्या सरळ कडेला ६ ते ८ इंच उघडं सोडा. आता खरं काम, गोलाईवर कात्रीने छोटे छोटे काप द्यायचे आणि दोन पायांच्या मधल्या कोपऱ्यात अगदी टाक्याजवळपर्यंत कापायचं, टाका मात्र तुटू द्यायचा नाही, हे राहिलं की उलटवल्यावर तिथेच कापड ओढलं जातं. हे काप तिलाच देऊ द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा. उलटवून उघडी बाजू हाताने शिवा, मग धावदोऱ्याने तिन्ही थर एकत्र टाचा. तान्ह्या बाळासाठी असेल तर डोळ्याला बटण नको, भरतकामच करा.