गाडीचं विचारा : दरवाज्याची फट वर बारीक, खाली बोट जाईल एवढी

प्रश्न : नमस्कार दादा, बाबांची 1998 ची मारुती 800 आहे, विकायची नाही असं घरात ठरलंय. खालून गंजली होती म्हणून दोन्ही बाजूचे रनिंग बोर्ड (दरवाज्याखालची पत्र्याची पट्टी) आणि पुढचा फ्लोअर कापून नवीन पत्रा वेल्ड करून घेतला, त्यासाठी सगळे दरवाजे, मडगार्ड, बोनेट काढलं होतं. आता परत बसवल्यावर ड्रायव्हरच्या दरवाज्याची मागची फट वर जेमतेम 2 मिमी आणि खाली 8 मिमी येतेय, दरवाजा धाडकन आपटल्याशिवाय लागत नाही, बोनेटचा डावा मागचा कोपरा पण वर दिसतो. डेंटर म्हणतो नवीन रबर बसलं की होईल, नाहीतर लांबी (पुट्टी) मारून किनार बनवून देतो. रंग अजून मारायचाय. काय करू?
— एक वाचक, विक्रोळी

उत्तर : आधी एक करा, डेंटरच्या हातातला लांबीचा डबा काढून घ्या. रंग मारला नाहीये हे तुमचं नशीब, कारण आत्ता जे हलवायचं ते फुकटात हलतं, नंतर हलवलं की बोल्टभोवतीचा रंग उडणार. किनारीला दोन-दोन मिमी लांबी लावली तर फट दिसायला सरळ होईल, पण दरवाजा रोज आपटणार आणि ती लांबी एका पावसाळ्यात तडकून खपल्या पडणार, मग आत पाणी, मग परत गंज, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच परत. आणि रबराने फट वाढते पण नाही आणि कमी पण होत नाही, नवीन रबराने उलट दरवाजा अजून कडक लागतो.

आता तुमची वर बारीक खाली रुंद ही जी फट आहे ना ती दोन वेगळ्या कारणांनी येते आणि मागून बघितलं तर दोन्ही सेम दिसतात. पहिलं कारण, बिजागरीची पिन झिजलीय किंवा वरची बिजागरी नीट बसली नाही, त्यामुळे दरवाजा मागच्या टोकाला लटकतो. दुसरं कारण मला तुमच्या केसमध्ये जास्त भीतीदायक वाटतं : रनिंग बोर्ड कापताना दरवाज्याच्या चौकटीत आडवा टेकू दिला नसेल तर गाडी मधून खचते आणि दोन खांबांची वरची टोकं एकमेकांकडे झुकतात. 800 ला खाली वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळं वजन पेलते, आणि त्यात रनिंग बोर्डचा वाटा मोठा. तुमच्या डेंटरने टेकू दिला होता का, विचारा. उत्तर देताना तो इकडेतिकडे बघायला लागला तर समजून जा.

विचारण्यापेक्षा मोजलेलं बरं. गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही, सोसायटीच्या रॅम्पवर तर अजिबात नाही. दरवाजा अर्धवट उघडा आणि मागचं टोक दोन्ही हातांनी वर उचलून बघा, खडखड झाली तर बिजागरी गेलीय. खडखड नसेल तर टेप घ्या आणि चौकटीचा तिरका माप घ्या, पुढचा खालचा कोपरा ते मागचा वरचा, मग उलटा तिरका, मग हीच दोन मापं दुसऱ्या बाजूच्या चौकटीची. दोन्ही बाजू जुळल्या तर सुटलात (दोन्हीकडचं काम एकाच माणसाने केलंय, म्हणजे दोन्ही सारख्याच खचल्या असतील ही पण शक्यता आहे, म्हणून एखादी न कापलेली 800 मिळाली तर तिची मापं घ्या). चार-पाच मिमी फरक आला तर बिजागऱ्यांशी खेळण्यात अर्थ नाही, बॉडी खेचायचं मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या आणि ते वेल्डिंग परत उघडायची मनाची तयारी ठेवा. वाईट वाटतं सांगायला पण इलाज नाही.

चौकट बरोबर असेल तर काम सोपं आहे फक्त क्रम चुकवायचा नाही. आपल्याकडे बरेच जण पुढून सुरुवात करतात, बोनेट मस्त बसवतात आणि मग सगळी चूक मागे ढकलत ढकलत शेवटी दरवाज्यावर आणतात. उलटं करा. मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) वेल्ड केलेला आहे, तो हलणार नाही, म्हणून आधी मागचा दरवाजा त्याच्याशी जुळवा, मग पुढचा दरवाजा मागच्याशी, मग मडगार्ड दरवाज्याशी, आणि बोनेट सगळ्यात शेवटी. आणि हे सगळं करताना लॉक जिच्यात अडकतं ती खांबावरची खुंटी काढून ठेवा. ती लावलेली असली की दरवाजा बंद होताना स्वतःच उचलला जातो आणि तुम्हाला वाटतं जमलं.

तुमच्या दरवाज्याला खालच्या बिजागरीमागे पत्र्याचं पॅकिंग लागेल. बोल्ट पूर्ण काढू नका, ढिले करा, त्याआधी बिजागरीभोवती मार्करने रेघ मारून ठेवा म्हणजे बिघडलं तर परत येता येईल, आणि दरवाज्याखाली जॅकवर लाकडाचा ठोकळा ठेवा. पॅकिंग अगदी पातळ घ्या हं. दोन बिजागऱ्यांत एक फूट अंतर आणि दरवाजा तीन फूट लांब धरला तर 1 मिमी पॅकिंगने मागचं टोक जवळजवळ 3 मिमी उचललं जातं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा दोन जाड वॉशर घातले होते आणि दरवाजा छपराला जाऊन घासला.

बिजागरीत लाकडाचा तुकडा अडकवून दरवाजा दाबायची जुनी ट्रिक कोणी सुचवेल. एखाद-दोन मिमीसाठी चालते पण 800 चा पत्रा पातळ, बिजागरीजवळ चिरतो, मी करणार नाही.

फट मोजायला हार्डवेअरच्या दुकानात टाइल्सचे प्लास्टिकचे स्पेसर मिळतात, 3, 4, 5 मिमीचे, तेच फटीत फिरवा. 4 च्या आसपास वरपासून खालपर्यंत सारखी आली की बस, आकड्यापेक्षा सारखेपणा डोळ्याला कळतो. मग खुंटी आणि दरवाज्याचं रबर लावा आणि वर्तमानपत्राची पट्टी दरवाज्यात धरून ओढत चला. जिथे सहज निघते तिथून जूनमध्ये पाणी येणार.

बोनेटचा मागचा कोपरा बिजागरीच्या बोल्टवर खाली येतो, पुढचा असता तर रबरी गुटका फिरवायचा. पण बोनेटला आत्ता हात लावू नका, मडगार्ड हलल्यावर तो कोपरा आपोआप बदलेल.

प्रश्न : बंपर काढून परत लावल्यावर एका बाजूला हेडलाइटखाली करंगळी जाईल एवढी फट. गॅरेजवाले म्हणतात स्क्रू टाइट करतो.
— एक वाचिका, मुलुंड

उत्तर : टाइट करू देऊ नका, प्लास्टिक फाटेल. बाजूचा प्लास्टिकचा ब्रॅकेट किंवा त्याचे दोन-तीन क्लिप तुटले असणार, काढताना ओढलं की हेच तुटतात. कुर्ल्याला सीएसटी रोडवर पार्ट्सच्या दुकानांत गाडीचं मॉडेल आणि साल सांगून बघा, जुना ब्रॅकेट सोबत न्या, डावा-उजवा वेगळा असतो. आणि तो बसवताना हेडलाइटचे बोल्ट पण तपासून घ्या, कधीकधी बंपर बरोबर असतो आणि लाइटच वर बसलेली असते.