‘नामशेष’ लांडग्यांचं संवर्धन?

प्रश्न असा आला आहे: इथिओपियातल्या लांडग्यांवरच्या बातमीला ‘नामशेष लांडग्यांच्या संवर्धनाला वेग’ असा मथळा होता. जे नामशेष झालं त्याचं संवर्धन कसं करणार? तिथे ‘दुर्मिळ’ हवं होतं का?

पहिली शंका रास्त आहे. ज्याचं नुसतं नाव शेष उरलं ते नामशेष. बहुव्रीही समास, शब्दातच खेळ संपलेला. डोडो नामशेष. टास्मानियातला थायलसीन हा पट्टेरी शिकारी प्राणीही नामशेष, शेवटचा १९३६ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. ‘नामशेष होत चाललेले’ म्हटलं तर हरकत नाही, कारण क्रिया अजून पुरी झालेली नाही. मथळ्यात जागा वाचवायला नेमकं ‘होत चाललेले’ कापतात आणि जिवंत जनावराचा मृत्युलेख छापून मोकळे होतात.

या शब्दाला जागेची मर्यादा मात्र घालता येते. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले लांडगे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मारून संपवले होते. जगात लांडगे होते, पण तेवढ्या प्रदेशापुरते नामशेषच. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ३१ लांडगे आणून तिथे सोडले. याला पुनर्स्थापना म्हणावं. संवर्धनातला धातू ‘वृध्’, वाढणं. वाढवायला आधी काहीतरी शिल्लक लागतं.

‘दुर्मिळ’ मला इथे पटत नाही. दुर्मिळ म्हणजे सहजी न मिळणारं: जुनी नाणी, पहिल्या आवृत्त्या. शब्द शोधणाऱ्याच्या बाजूचा आहे, जनावरावर काय बेतलंय ते त्यातून कळत नाही. शिवाय उत्तर अमेरिकेतला प्रवासी कबुतर कोट्यवधींच्या संख्येने होता, दुर्मिळ मुळीच नव्हता. बेसुमार शिकारीत संपला. शेवटची मादी १९१४ मध्ये सिनसिनाटीत मेली. उलट एखाद्या छोट्या बेटावरचा पक्षी संख्येने कायमच थोडा असतो आणि तरी सुखात असतो.

हवा होता तो शब्द ‘संकटग्रस्त’. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्याच कुळातला. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणं. ‘ग्रास’ही त्यातलाच, म्हणजे घास. लांडग्यालाच घास केलेला पाहून मला तरी गंमत वाटते. इथिओपियाचा लांडगा तांबूस, लांब नाकाचा. उंच पठारांवर उंदरांच्या बिळांशी दबा धरून बसतो. राहिलेत पाचशेच्या आत. शेतं आणि गुरं वर सरकताहेत, आणि गावकुत्र्यांकडून रेबीज नि डिस्टेंपर हा कुत्र्यांचा साथरोग येतो. म्हणून कुत्र्यांना लस टोचतात आणि लांडग्यांना आमिषात घालून चारतात. हे सरळ सरळ संवर्धन.

अक्षरं मोजायची म्हटली तरी ‘संकटग्रस्त’ला ‘नामशेष’पेक्षा एकच जास्त लागतं.