लहानपणीच्या कॅन्सरची ट्रीटमेंट संपली, आता पुढचं बघ

अगं सगळ्यात आधी तुझी फाईल नीट कर. आईच्या कपाटात रिपोर्टांची ती पिशवी असेलच, त्यात ट्रीटमेंट समरी शोध, नाही मिळाली तर हॉस्पिटलकडून मागून घे, कुठली औषधं, एकूण डोस किती, रेडिएशन कुठे दिलं हे सगळं त्यात हवं. लहानपणी लाल रंगाची केमो लागायची, नंतर लघवीपण लाल व्हायची, आठवतंय? ती बहुतेक डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन, तिचा हार्टवर परिणाम कित्येक वर्षांनीसुद्धा दिसू शकतो, आणि एकूण डोस शरीराच्या क्षेत्रफळाच्या हिशोबाने २५० मिग्रॅ प्रति चौरस मीटर किंवा जास्त असेल तर साधारण दर २ वर्षांनी टूडी इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, करतात. धाप लागत नाही म्हणजे सगळं ओके असं धरून बसू नकोस. जिममध्ये जड वजनं उचलायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचार. मानेला रेडिएशन दिलं असेल तर थायरॉइडपण चेक करायचं.

मुंबईत असशील तर परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये १९९१ पासून ट्रीटमेंट संपलेल्या आपल्यासारख्यांच्या तपासणीसाठी खास अ‍ॅक्ट क्लिनिक आहे. आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' ग्रुप आहे, सगळी आपल्यासारखीच लहानपणी कॅन्सर होऊन गेलेली पोरं, तिथे काही समजावून सांगावं लागत नाही.

इन्शुरन्सच्या फॉर्मवर मात्र लपवाछपवी नको, नंतर क्लेम अडकतो. लग्नाचं म्हणशील तर घरचे म्हणतील आजाराचं बोलू नको, माझं मत उलटं आहे, ठरायच्या आधीच सांगून मोकळी हो, आणि मूल होण्याबद्दल डॉक्टरांना तू स्वतः विचार, आईला पाठवू नकोस.