ह्यूस्टनला घर घ्यायच्या आधी

ताई, तुम्ही विचारलंत की यजमानांची ह्यूस्टनची नोकरी पक्की झालीय, तर लातूरचा प्लॉट विकून तिथं लगेच घर घ्यावं का, आणि वादळांची भीती कितपत खरी? नोकरी खुशाल घ्या. घराबद्दल मात्र सविस्तर सांगतो, कारण आमचं २०१७च्या हार्वे चक्रीवादळात गेलं.

वादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वारा येतो. हार्वे २५ ऑगस्टला टेक्सासच्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्यावर धडकलं, वाऱ्यानं हाहाकार केला तो तिकडं. आमच्या गल्लीत साधं झाडही पडलं नाही. मग ते टेक्सासवर रेंगाळलं आणि नुसतं कोसळत राहिलं. टेक्सासमधल्याच नेडरलँड गावी ६० इंचांवर पाऊस नोंदला गेला. लातूरला दोन वर्षांत मिळून साधारण एवढा पडतो.

तरी आमचं घर बुडालं ते धरणामुळं. ह्यूस्टनच्या पश्चिमेला ॲडिक्स आणि बार्कर असे दोन बांध १९४०च्या दशकात शहर वाचवायला बांधले. एरवी आत पाणी नसतं. बागा, मैदानं, सायकलीचे रस्ते. पैठणच्या माणसाला बुडीत क्षेत्र समजावून सांगावं लागत नाही. जायकवाडीत गावं उठवली, मग पाणी अडवलं. इथं आधी बांध झाले आणि पाणी तुंबेल त्या पट्ट्यात वसाहती नंतर उभ्या राहिल्या, शाळा-बाजारासकट. डिसेंबर २०१९मध्ये न्यायालयानं बांधाच्या वरच्या अंगाच्या घरांसाठी सरकारला जबाबदार धरलं, पण तोवर लोकांची कर्जं वाढून बसली होती.

घर गेलं म्हणजे वाहून गेलं असं नाही. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून भिंती करतात. गुडघाभर पाणी काही दिवस साचलं की पत्रा भिजतो, बुरशी चढते, सगळं फोडून बाहेर टाकावं लागतं. गल्लीभर दारादारापुढं संसाराचे ढीग. किल्लारीनंतर आमच्या आईनं दगडमातीच्या भिंतींची धास्ती घेतलेली, म्हणून लाकडाचं घर ऐकून ती खूश होती. फोटो पाहून म्हणाली, "एवढे पैसे मोजले अन् भिंती पुठ्ठ्याच्या?"

आता पैशाचं. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. त्याचा विमा वेगळा घ्यायचा. सरकारी योजनेत इमारतीला कमाल २,५०,००० डॉलर, सामानाला १,००,०००, आणि साधारणपणे तो ३० दिवसांनी लागू होतो. ढग दिसल्यावर धावून उपयोग नाही. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. सरकारी नकाशावर घर पुराच्या धोक्याच्या पट्ट्याबाहेर असेल तर बँक हा विमा मागत नाही, आणि हार्वेत हॅरिस काउंटीत (म्हणजे ह्यूस्टनच्या जिल्ह्यात) बुडालेल्या घरांपैकी निम्म्याहून जास्त त्या पट्ट्याबाहेरच होती. आमचा विमा होता म्हणून निभावलो; शेजाऱ्यांनी निवृत्तीची पुंजी मोडली.

आणखी एक, जे कुणी सांगत नाही: एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना फेमाची, म्हणजे तिथल्या सरकारी आपत्ती-मदत संस्थेची, रोख मदत मिळत नाही. मूल तिथं जन्मलेलं असेल तर त्याच्या नावानं अर्ज करता येतो.

म्हणून पहिलं वर्षभर भाड्यानं राहा. सामानाचा पूरविमा भाडेकरूलाही मिळतो. घर बघाल तेव्हा विकणाऱ्याचं लेखी निवेदन मागा: २०१९पासून टेक्सासमध्ये घरात पूर्वी पाणी शिरलंय का, ते जलाशयाच्या पट्ट्यात येतं का, हे सांगणं बंधनकारक आहे. आणि स्वयंपाकघर किती मोठं हे बघण्याआधी जोत्याची उंची बघा. प्लॉट एवढ्यात विकू नका.